विचार करायला एक दिवस

विद्यापीठात देवाचं काम सगळ्यांनी वाटून घेतलं होतं. पाद्रीबाबा देवाशी बोलत, कुलगुरू देवाबद्दल बोलत, आणि टायपिंग कागदबाई करत.

कागदबाई हे काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. पण मुख्य इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या कचेरीत त्या सव्वीस वर्षं बसत होत्या, आणि विद्यापीठातला कुठलाही कागद त्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय कागद ठरत नसे. कचेरीला दोन खिडक्या होत्या, त्यातली एक कधीच उघडत नसे आणि दुसरी कधीच बंद होत नसे. तीन लोखंडी कपाटं, एक शाई वाळलेलं स्टॅम्पपॅड, आणि पाठीला आधार म्हणून टॉवेलची गुंडाळी बांधलेली खुर्ची. टाइपरायटर जाऊन संगणक आला त्याला जमाना झाला, तरी बाई कळा अशा बडवत की शेजारच्या खोलीतल्या माणसाला मजकूर तातडीचा आहे की साधा, ते ऐकूनच कळे.

विद्यापीठ ख्रिस्ती मिशनचं. कुलगुरू पूर्वी प्रवचनं करत आणि ती सवय त्यांनी सोडली नव्हती. दर तिसऱ्या वाक्याला 'आपलं मिशन' आल्याशिवाय त्यांचं बोलणं पुढे सरकत नसे. वसतिगृहाची मोरी तुंबली तरी त्यामुळे मिशनला बाधा येई. या मिशनपायीच एक जुना नियम होता. प्रत्येक विषयाच्या अभ्यासक्रमात चौथ्या कलमाखाली एक 'विश्वासाचा परिच्छेद' हवा. म्हणजे हा विषय शिकवून प्रभूचं काम कसं पुढे जातं, ते शिक्षकाने पाच-सहा ओळींत लिहायचं.

धर्मशास्त्र विभागाला काय, त्यांच्या घरचंच कार्य. पण उष्णतेचं वहन शिकवणाऱ्याने काय लिहावं? लांब उडी शिकवणाऱ्याने कुठे शोधावं? मोठमोठे विद्वान त्या पाच ओळींपुढे हात टेकत. पहिले आले ते रसायनशास्त्राचे विभागप्रमुख. त्यांनी आधी दार लोटून घेतलं आणि मग इकडचं तिकडचं बोलत शेवटी कागद पुढे केला. तुम्ही रोज एवढं टाइप करता, भाषा तुमच्या हाताखालची आहे, दोन ओळी खरडा, आणि हे आपल्यातच राहू द्या, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या सत्रात वनस्पतिशास्त्र आलं, मग व्यायाम, मग भूगोल. सगळ्यांनी दार लोटलं आणि सगळ्यांनी हे आपल्यातच ठेवायला सांगितलं. काही वर्षांत त्या 'आपल्यात' एकोणीस माणसं जमली होती आणि प्रत्येकाला वाटत होतं, चोर आपण एकटेच.

बाई शास्त्रवचनं घालत नसत. एक तर वचनाचा आकडा चुकला तर धर्मशास्त्रवाले टपूनच बसलेले. दुसरं म्हणजे, शिक्षकाने काहीतरी करावं असं त्यांना वाटे. नुसतं वचन लिहिलं की माणूस ते वाचून निवांत बसतो, हा त्यांचा अनुभव. म्हणून त्या काम लिहीत. रसायनशास्त्रात लिहिलं, 'प्रयोग फसला तर वहीत फसला असंच लिहावं, आणि तसं लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत.' व्यायामात लिहिलं, 'शर्यतीनंतर शेवटी आलेल्याचं नाव सर्वांत आधी वाचावं.' भूगोलात लिहिलं, 'नकाशावर जिथे आपण गेलो नाही, तिथल्या लोकांबद्दल बोलताना आवाज खाली ठेवावा.' हे सगळं मंजुरी समितीपुढे जाई. समिती चहा-बिस्किटांसह चाळीस मिनिटांत सव्वाशे अभ्यासक्रम मंजूर करी. कुणी वाचत असेल असा संशय घ्यायलाही जागा नव्हती, आणि बाईंनी तो कधी घेतला नाही.

गणिताचे सर तेवढे कधी आले नाहीत. ते एकलकोंडे, खडूने माखलेले, वळणावर समोरून कुणी आलं तर आधी भिंतीला नमस्कार करणारे. त्यांनी परिच्छेदाच्या जागी दोनच शब्द लिहून पाठवले होते, 'लागू नाही'. बाईंनी ते वाचलं आणि कपाळावर हात मारला. तेवढेच दोन शब्द न वाचणाऱ्याच्याही डोळ्यांत भरले असते, आणि माणूस उगाच गोत्यात आला असता. मुदत त्या दिवशीच संपत होती. मग त्यांनी ते दोन शब्द पुसले आणि जागेवर एक वाक्य टाकलं, 'सत्रात एकदा शिक्षकाने वर्गापुढे उभं राहून आपल्याला कळत नसलेली एक गोष्ट मोठ्याने सांगावी.' नंतर बाई ते विसरूनही गेल्या. त्याला आता तेवीस वर्षं झाली होती.

हे वाक्य त्यांना सुचलं कुठून, ते सांगायचं तर त्यांच्या नवऱ्यापर्यंत जावं लागतं. तो रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होता, हसरा, काचेच्या नळ्या फोडण्यात पटाईत. चौतिसाव्या वर्षी त्याला ताप आला. पहिल्या डॉक्टरने सांगितलं, काही नाही, साधा ताप. दुसऱ्याने तेच सांगितलं, तिसऱ्याने आणखी जोरात सांगितलं. आपल्याला कळत नाही, मोठ्या ठिकाणी न्या, एवढं एकाने जरी म्हटलं असतं तरी कदाचित माणूस वाचला असता. नवव्या दिवशी तो गेला. महिन्याभराने विद्यापीठाने बाईंना त्याच्या जागी नाही पण जिन्याखाली नोकरी दिली, आणि चॅपलच्या मागचं दोन खोल्यांचं क्वार्टरही राहू दिलं. बाई त्या उपकाराला कधी विसरल्या नाहीत. पण तापालाही विसरल्या नाहीत.

आता पेटीची गोष्ट. दर वर्षी संस्थापक दिनाला सगळे कर्मचारी चॅपलमध्ये जमत. बाकावर प्रत्येकासाठी एक छापील कबुलीपत्र ठेवलेलं असे, त्यावर विश्वासाची सात कलमं. ती मान्य असल्याची सही करायची आणि कागद पेटीत टाकायचा. पेटी म्हणजे पहिल्या मिशनऱ्याची औषधांची लाकडी पेटी, अजून कापराचा वास येणारी. ती रांगेरांगेतून फिरे. सही नाही तर सेवा नाही, असा सेवानियमांतला तिसरा नियम होता. बाई नोकरीला लागल्या त्या वर्षी त्या सगळ्यांत नव्या, बाकावर त्यांच्यापुरती जागा उरली नव्हती, म्हणून पेटी फिरवायचं काम त्यांच्याकडे आलं. ते कायमचं चिकटलं.

फिरवण्याआधी त्यांनी आपलं कबुलीपत्र वाचलं होतं. टायपिस्टची खोड, हातात आलेला कागद वाचायचाच. पहिली सहा कलमं त्यांना मान्य होती. सातवं असं होतं, 'माझ्या आयुष्यात आजवर जे जे घडलं ते सर्व चांगल्यासाठीच घडलं, याविषयी माझ्या मनात शंका नाही.' नवऱ्याला जाऊन तेव्हा एक्केचाळीस दिवस झाले होते. बाईंनी पेन उचललं आणि परत ठेवलं. विचार करायला एक दिवस घेऊ, असं स्वतःला सांगून त्यांनी कागद घडी घालून पर्समध्ये टाकला आणि पेटी उचलली. पेटी धरणाऱ्याला कोण विचारतो? सगळे फॉर्म मोजायचं कामही त्यांचंच. त्यांनी वहीत लिहिलं, 'सर्व जमा.' तो एक दिवस सव्वीस वर्षं चालला. खोटं म्हणाल तर तेवढंच एक होतं, 'सर्व जमा', पण ते सव्वीस वेळा लिहिलं गेलं होतं आणि बाईंना ते दर वेळी टोचत असे.

देव मानत नव्हत्या म्हणाल, तर तसंही नाही. रोज कामावर जाण्याआधी त्या चॅपलमध्ये दहा मिनिटं बसत आणि देवाशी भांडत. नसलेल्या माणसाशी कुणी रोज उठून भांडायला जात नाही.

हे असंच चालून गेलं असतं. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. पण त्या वर्षी नवे कुलसचिव आले. तरुण, नीटनेटके, फायलींवर रंगीत पट्ट्या चिकटवणारे. त्यांना वाचायची आवड नव्हती, मोजायची होती. बाहेरून मानांकन समिती येणार होती, विद्यापीठ आपल्या ध्येयाला किती जागतं ते पाहायला, आणि ती संस्थापक दिनापर्यंत राहणार होती. तिला दाखवायला गेल्या वर्षीची सगळी कबुलीपत्रं एका जाड खंडात बांधून ठेवावीत, असं कुलसचिवांच्या डोक्यात आलं. तीन दुपारी बसून त्यांनी एकेक नाव यादीशी ताडून पाहिलं. सव्वीस वर्षांत हे कुणीच केलं नव्हतं. माणसं दोनशे चौदा, कागद दोनशे तेरा.

ते स्वतः जिना उतरून आले. "बाई, तुमचं कबुलीपत्र सापडत नाहीये. हरवलं असेल."

"हरवलं नाही. भरलंच नाही," बाई म्हणाल्या.

कुलसचिव हसले. मग हसायचं थांबले. त्याआधीच्या वर्षीचं, असं त्यांनी विचारलं तेव्हा बाईंनी उजव्या हाताचा खालचा खण ओढला आणि सव्वीस कोरी कबुलीपत्रं टेबलावर ठेवली, वर्षवार, टाचणी लावलेली. कुलसचिवांनी ती मोजली. सवयच ती.

माणूस दुष्ट नव्हता. आत्ता सही करून टाका, विषय संपला, असं तो दोनदा म्हणाला. बाईंनी विचार करायला एक दिवस मागितला. त्यांना स्वतःलाच ते ऐकून कसंतरी झालं. कुलसचिवांनी उदार होऊन नऊ दिवस दिले. संस्थापक दिनाला कागद पेटीत पडला पाहिजे. नाही पडला तर तिसरा नियम, त्या दिवशी सेवा समाप्त, आणि महिनाभरात क्वार्टर रिकामं. नियम मी केलेला नाही, एवढं सांगून ते वर गेले, आणि ते खरंही होतं.

क्वार्टर रिकामं म्हणजे बाईंबरोबर ताईनेही बाहेर पडायचं. ताई ही त्यांची थोरली बहीण, मुलींच्या वसतिगृहाची निवृत्त मेट्रन. एकतीस वर्षं चारशे पोरींना धाकात ठेवलेली बाई. तिच्या चपलांचा आवाज ऐकून नळसुद्धा गळायचे थांबत म्हणत. गुडघे गेल्यापासून ती बहिणीकडे राहत होती. ताईचा विश्वास म्हणजे दगडावरची रेघ. जेवणाआधीची तिची प्रार्थना इतकी लांब की वाढलेलं निवून जाई.

बाईंनी तिला संध्याकाळी सगळं सांगितलं. ताईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "इतकी वर्षं माझ्याबरोबर एका ताटलीत खाल्लंस आणि हे पोटात ठेवलंस?"

त्यानंतर तिने बोलणं बंद केलं. आजवर दोघींचं जेवण वाढायचं ते ताईनेच, गुडघे दुखले तरी. दुसऱ्या दिवसापासून तिने स्वतःपुरतं वाढून घ्यायला सुरुवात केली. बहिणीची ताटली ओट्यावर पालथी. बाई आपली ताटली सुलटी करून, आपलं वाढून घेऊन, समोर बसून खात. घर जाईल याची भीती होतीच, पण त्या पालथ्या ताटलीने बाईंना जास्त मारलं.

चौथ्या दिवशी पाद्रीबाबा आले. कुलसचिवांनीच धाडलं असणार. पाद्रीबाबा गोल, दमेकरी आणि मनाने लोणी. खोकल्याच्या गोळीशिवाय त्यांना आशीर्वादही देता येत नसे. त्यांनी दोन गोळ्या संपेपर्यंत समजावलं. शेवटी म्हणाले, "करून टाका सही. देवाला तुमचं मन कळतं."

"देवाला कळतं हो," बाई म्हणाल्या. "पण फॉर्म देवाकडे कुठे जातो? कुलसचिवांकडे जातो."

पाद्रीबाबांनी तिसरी गोळी काढली. मग पाणी मागितलं.

खरं सांगायचं तर बाई सही करणार होत्या. सातव्या दिवशी त्यांचं ठरलं होतं. स्वतःसाठी कदाचित ताणलंही असतं, पण सत्तरीची बहीण दुखरे गुडघे घेऊन कुणाच्या दारात जाणार? तत्त्व वगैरे ज्यांचं घर स्वतःचं आहे त्यांनी सांभाळावं. हे ठरल्यावर त्यांना हलकं वाटायला हवं होतं, आणि तसं काही वाटलं नाही.

आठव्या दिवशी समिती वर्ग पाहायला निघाली. तीन माणसं, त्यांच्या अध्यक्ष एक पांढऱ्या केसांच्या बाई, जुन्या शाळेतल्या मुख्याध्यापिकेसारख्या, समोरच्याला आपण गृहपाठ विसरलोय असं वाटायला लावणाऱ्या. कुलगुरूंनी त्यांना धर्मशास्त्राच्या वर्गात न्यायचं योजलं होतं. अध्यक्षबाईंनी वेळापत्रकावर डोळे मिटून बोट ठेवलं आणि ते नेमकं गणितावर पडलं. कुलगुरूंचा चेहरा उतरला. गणिताच्या वर्गात मिशन सापडण्याची त्यांना काडीइतकीही आशा नव्हती. कागदबाई अभ्यासक्रमाच्या प्रती घेऊन मागोमाग होत्या. पाहुण्यांनी मागचा बाक घेतला आणि बाई दारातच उभ्या राहिल्या.

गणिताच्या सरांनी अर्धा तास फळा भरला. मग खडू ठेवला, हात पुसले आणि पुसताना कोट आणखी पांढरा केला. त्यांचा चेहरा दात काढायला बसलेल्या माणसासारखा झाला होता. मुलं मात्र एकदम सावरून बसली. त्यांना हा दिवस माहीत होता.

"या सत्रातली गोष्ट," सर म्हणाले. "पुस्तकातल्या अकराव्या प्रमेयाची दुसरी पायरी. ती मला कळत नाही. तेवीस वर्षं शिकवतोय, तेवीस वर्षं कळलेली नाही. मी ती फळ्यावर भरभर लिहून पुढे जातो, तुम्ही विचारू नये म्हणून."

वर्गात कुणी हसलं नाही. मागच्या बाकावर कुलगुरूंनी डोळे मिटून घेतले होते; ती प्रार्थना असावी. अध्यक्षबाई पुढे झुकल्या आणि त्यांनी विचारलं, परीक्षक बसलेले असताना हे आजच सांगायचं काय अडलं होतं?

सर गोंधळले. अभ्यासक्रमात लिहिलंय ना, म्हणाले, चौथ्या कलमाखाली. सत्राचा शेवटचा तास आजच होता, आज नाही तर राहिलंच असतं. मग आवाज खाली आणून त्यांनी पुढचं सांगितलं. फार वर्षांपूर्वी आपल्या हातून एक उद्धटपणा झाला होता, परिच्छेदाच्या जागी आपण 'लागू नाही' लिहिलं होतं. वरून ते खोडून ही शिक्षा आली. पहिल्या वर्षी रात्रभर झोप लागली नाही. आता मुलं सत्र संपताना येऊन आपल्याला काय काय कळत नाही ते सांगून जातात, त्यामुळे शिकवणं सोपं पडतं. पण शिक्षा रद्द झाल्याचा कागद अजून आलेला नाही, म्हणून चालू आहे.

अध्यक्षबाई बराच वेळ लिहीत होत्या. कुलगुरू डोळे उघडून म्हणाले की हेच आपलं मिशन. आणि दारातल्या कागदबाईंना आपले पाय कुठे ठेवावेत ते कळेना. 'वरून' म्हणजे कुठून, ते त्या खोलीत त्यांना एकट्यांनाच माहीत होतं. जिन्याखालून. त्यांनी घाईघाईत टाकलेलं एक वाक्य हा भित्रा माणूस तेवीस वर्षं निमूट पाळत आला होता, आज नोकरी पणाला लावून पाळत होता. आणि लिहिणारी? ती सव्वीस वर्षं पेटीमागे लपली होती, आणि उद्या खोटी सही करायला निघाली होती. बाईंना लाज वाटली. चांगली सणसणीत, कान तापवणारी लाज.

दुसऱ्या दिवशी निघताना ताई दाराशी उभी होती. निवृत्तांनाही चॅपलमध्ये मागच्या रांगेत जागा असे, तिने कपडे केले होते. पाच शब्द बोलायचे म्हणजे हार मानल्यासारखं होईल, म्हणून ती दोनच बोलली. "पेन घेतलंस?"

"घेतलं."

कुलसचिवांनी यंदा पेटी गणिताच्या सरांकडे दिली होती. कालच्या वर्गानंतर त्यांचा भाव वधारला होता. कागदबाई सव्वीस वर्षांत पहिल्यांदा बाकावर बसल्या, तिसऱ्या रांगेत, कडेला. बाक इतका टणक असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. कुलगुरू बोलले. पाद्रीबाबा बोलले आणि खोकले. लोकांनी गुडघ्यांवर कागद ठेवून सह्या उरकल्या, कुणी शेजाऱ्याच्या पाठीवर ठेवून. पेटी फिरू लागली आणि कापराचा वास पुढे पुढे आला.

सर पेटी घेऊन समोर आले तेव्हा बाई उठून उभ्या राहिल्या. समोर खडूच्या कोटातला तो माणूस होता म्हणून त्यांना जमलं, एरवी जमलं नसतं.

"सहा कलमं मला मान्य आहेत," त्या म्हणाल्या. आवाज निघाला तो कळा बडवताना निघायचा तसा, तातडीचा. "सातवं म्हणतं, जे घडलं ते सगळं चांगल्यासाठी घडलं. माझा नवरा चौतिसाव्या वर्षी गेला. तो का गेला, ते मला माहीत नाही. सव्वीस वर्षं विचार केला, अजून माहीत नाही. ते इथे सातव्या कलमाखाली लिहिलंय, आणि त्याखाली सही केलीय."

त्यांनी कागद पेटीत टाकला आणि खाली बसल्या.

पाहुण्या समितीला पुढे कुलगुरूंशेजारी बसवलं होतं. मग अध्यक्षबाईंनी कुलगुरूंकडे वळून हळूच विचारलं की सातवं कलम नेमकं काय आहे, पाहू. कुलगुरूंनी चष्मा शोधला, खिसे चाचपले, आणि शेजारच्या पाद्रीबाबांना विचारलं. पाद्रीबाबांनी गोळी पुढे केली. ते कलम कुलगुरूंनी आजवर वाचलेलंच नव्हतं, हे मागच्या रांगेपर्यंत सगळ्यांना कळलं. दोनशे चौदा माणसांत ते कबुलीपत्र शेवटपर्यंत वाचलेलं माणूस एकच निघालं, आणि इतकी वर्षं सही न केलेलंही तेच.

गणिताचे सर तिथेच थबकले होते. त्यांनी पेटीत हात घातला, चिवडून आपला कागद शोधला आणि वाचत उभे राहिले. वाचून झाल्यावर त्यांनी तो खिशात घातला. विचार करायला एक दिवस लागेल, असं त्यांनी पुटपुटून सांगितलं. मग रसायनशास्त्राचे विभागप्रमुख उठले. बाईंचा नवरा त्यांच्याच प्रयोगशाळेतला सहायक होता. त्यांनी कुणाकडे न बघता आपला कागद परत मागितला. व्यायामाचे सर उठले. मग पेटीभोवती रांगच लागली.

संध्याकाळी कुलसचिवांनी मोजलं. माणसं दोनशे चौदा, कागद एकशे एक्क्याण्णव. एकटी बाई जमा झाली आणि तेवीस जण उधार झाले. तेवीस जणांची सेवा समाप्त करायची तर रसायनशास्त्र विभागाला कुलूप लागलं असतं, आणि बाईंचा फॉर्म तर सहीनिशी पेटीत होता; सहीखेरीज आणखी काही लिहू नये असं तिसरा नियम कुठेच म्हणत नव्हता. कुलसचिवांनी फाइलवर नवी पट्टी चिकटवली, पिवळी, 'विचाराधीन'. खंड बांधायचा बेत त्यांनी सोडून दिला. तेवीसपैकी बरेच जण आठवड्याभरात सही करून मोकळे झालेही असतील, माणसं तशीच असतात. बाईंनी मोजलं नाही. ते काम आता त्यांच्याकडे नव्हतं.

त्या घरी पोचल्या तेव्हा ताई टेबलाशी बसली होती. चॅपलमधून ती आधीच निघून आली होती. बाई पर्स ठेवतात तोच तिने हात पुढे केला आणि एक कोरा फॉर्म मागितला. खणातले सव्वीसही बाईंनी त्या दिवशी घरी आणले होते, म्हणून लगेच देता आला.

ताईने चष्मा लावला. बोट फिरवत, ओठ हलवत ती पहिल्यापासून वाचू लागली. एकतीस वर्षं तिने याच कागदावर सही केली होती, चारशे पोरींच्या जेवणाची घाई असताना, न वाचता. पहिल्या सहाला ती मान डोलवत गेली. सातव्यावर बोट थांबलं. ते कलम तिने दोनदा वाचलं. भिंतीवर मेव्हण्याचा फोटो होता, फुटकी नळी हातात धरून हसणारा. ताईचा त्याच्यावर फार जीव होता. तो तिला मेट्रनसाहेब म्हणून सलाम ठोकायचा.

"हे कुणी लिहिलं?" तिने विचारलं.

"माहीत नाही. फार जुनं आहे."

"ज्याने कुणी लिहिलं," ताई म्हणाली, "त्याच्या घरची सगळी माणसं तेव्हा जिवंत असणार."

तिने चष्मा काढून मिटून ठेवला. मग टेबलाला धरून उठली, ओट्यावरची पालथी ताटली सुलटी केली, आणि बहिणीला वाढायला घेतलं.